मिठीचं पाणी ओसरल्यानंतरची कागदपत्रं

कुर्ल्याच्या क्रांतीनगरात आमची खोली मिठीच्या काठालाच. १९ ऑगस्ट २०२५ ला नदी ३.९ मीटरपर्यंत चढली आणि वस्तीतल्या कुटुंबांना जवळच्या पालिका शाळेत हलवलं. विहार तलाव आदल्या दिवशीच भरून वाहू लागला होता. विहार-पवईचं ओसंडलेलं पाणी घेऊन मिठी माहीमच्या खाडीला मिळते. वरून लोंढा आणि खालून भरती आली की पाण्याला वाट उरत नाही, ते आमच्या घरात शिरतं.

सासूबाईंनी २००५ ची २६ जुलै याच खोलीत काढली होती. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला तो दिवस. म्हणून निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "टीव्ही राहू दे गं, फाईल घे." फाईल घेतली, पण कमरेएवढ्या पाण्यातून जाताना तीही भिजली.

शाळेत बाकावर कागद मांडले. रेशनकार्डाची पानं एकमेकांना चिकटली होती. सासूबाईंनी ती ओढली नाहीत. मध्ये वर्तमानपत्राचा कागद सरकवत, पंख्याखाली हळूहळू सुटी केली. फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाला सरकारकडून मिळालेलं फोटोचं ओळखपत्र, लॅमिनेट केलेला होता, पण एका कोपऱ्यातून गढूळ पाणी आत गेलेलं. शिक्क्याची जांभळी शाई सासऱ्यांच्या फोटोवर पसरली होती आणि नंबराचे शेवटचे आकडे वाचता येत नव्हते. ते बघून मला रडू आलं.

काठावर राहणाऱ्यालाच कळेल, फ्रिजपेक्षा हा कागद का मोठा. उद्या झोपडपट्टी पुनर्वसन आलं तर १ जानेवारी २००० च्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा दाखवला तरच मोफत घर. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून. पुरावाच नसेल तर परिशिष्ट-दोनमध्ये, म्हणजे पात्र-अपात्र झोपडीधारकांच्या यादीत, पात्र कसं ठरायचं? घर जागेवर असतं, माणसं जागेवर असतात, तरी अपात्र.

पाणी उतरल्यावर आधी दवाखान्यात जाऊन लेप्टो, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होऊ नये म्हणून गोळ्या घेतल्या. पुराच्या पाण्यातून चाललात तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवाच, अंगावर काढू नका. मग चिखलाला हात लावण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ, गाद्या, भांडी, मीटर, सगळ्याचे फोटो काढले. तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा निम्मी गल्ली धुऊन झाली होती, आमचे फोटो कामाला आले. आधार, पासबुक, वीजबिल यांच्या प्रती दिल्या, पंचांच्या सह्या झाल्या. पंचनाम्याची प्रत मात्र मागून घेतली, कारण पुढे प्रत्येक खिडकीवर कागद कशाने भिजला हे त्याच कागदावरून सिद्ध होत होतं.

खरी दमछाक फोटोपासची. कचेरीत पहिलाच प्रश्न, नंबर काय? नंबराशिवाय जुन्या नोंदवहीत शोधणार कुठे, असं म्हणून परत पाठवलं. घरी सगळे हताश बसलेलो असताना दिरांना आठवलं की कर्जासाठी कधीतरी फोटोपासची झेरॉक्स काढली होती. त्यांच्या पेटीत ती निघाली, फिकट, पण नंबर स्पष्ट! अर्ज, झेरॉक्स, पंचनामा आणि भिजलेला मूळ फोटोपास असं सगळं घेऊन मी गेले. मूळ कागद फक्त दाखवला, हातचा सोडला नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. पुढच्या वेळी खिडकीवरचा माणूस बदललेला होता, पण आवक क्रमांक सांगितल्यावर फाईल लगेच निघाली.

त्याचबरोबर निवडणूक कार्यालयातून जुन्या मतदार यादीचा प्रमाणित उतारा मागितला. त्यात सासूबाईंचं नाव याच पत्त्यावर मिळालं. तो हातात आल्यावर त्यांनी दोनदा वाचून घेतला.

फोटोपासची दुय्यम प्रत अजून हातात आलेली नाही, नोंद सापडली आहे एवढं कळलंय. काठावरच्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आजच काढून बाहेरगावच्या नातेवाइकाला पाठवा. मागची बाजू विसरू नका, शेरे आणि शिक्के बऱ्याचदा तिथेच असतात.