कफ सुटता सुटेना

आईला नोव्हेंबरात न्यूमोनिया झाला, पाच दिवस अ‍ॅडमिट होती, घरी आली तेव्हा ताप गेला होता पण छातीतली घरघर काही जाईना. खोकून खोकून बरगड्या दुखायला लागल्या बिचारीच्या आणि बेडका बाहेर येईल तर शपथ.

मग सल्ले सुरू. मावशीने फोनवर अडुळशाचा रस आणि मध सांगितला, शेजारच्या काकू ओव्याची पुरचुंडी घेऊन आल्या, आणि केळं-दूध बंद कर हे तर प्रत्येकानेच सांगितलं. दुधाने कफ वाढत नाही हो, लाळेत मिसळून घशात चिकटल्यासारखं वाटतं एवढंच. पण अडुळशाला मी हसत होते ते चुकलंच, कारण डॉक्टरांनी दिलेल्या सिरपमधलं कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन हे अडुळशातल्या वासिसिन नावाच्या द्रव्यावरूनच बनवलेलं औषध आहे आणि अ‍ॅम्ब्रोक्सॉल हे कफाचं दुसरं औषध म्हणजे त्याचंच पुढचं रूप. माझी एक चूक मात्र महागात पडली असती, घरात पडलेलं कोरड्या खोकल्याचं सिरप देणार होते मी तिला. डॉक्टर म्हणाले, अहो ते खोकलाच दाबतं, मग कफ बाहेर यायचा कसा?

खरा फरक पडला तो फिजिओथेरपीवाल्या मुलीने. ती आली, आईला ताठ बसवलं आणि म्हणाली, "काकू, आधी खोकायचंच नाही." नाकाने तीन-चार मोठे श्वास, प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद धरायचा, सोडायचा. मग तोंड उघडं ठेवून "हा..." करायचं, चष्मा पुसायच्या आधी काचेवर वाफ सोडतो ना, तस्संच पण जोर लावून. मध्यम श्वास घेऊन लांब "हा" केला की खोलवरचा कफ वर सरकतो, तो वर आला की मोठा श्वास घेऊन छोटा जोरदार "हा", आणि मग एकदाच खोकायचं. नुसतं जोरजोरात खोकत राहिलं तर श्वासनळ्या दबतात आणि कफ आतच अडकतो म्हणे. आईचं उजवं फुफ्फुस खराब होतं म्हणून तिला डाव्या कुशीवर झोपवायचं, उजवी बाजू वर, म्हणजे कफ आपोआप उतरतो. हे सगळं जेवायच्या आधी, पोटभर जेवल्यावर केलंत तर उलटी ठरलेली.

वाफेने नाक-घसा मोकळा होतो, बरंही वाटतं, पण ती छातीत खोलवर पोचत नाही. आणि पातेल्यावर टॉवेल घेऊन बसण्यात भाजायची भीती, लहान मुलं घरात असतील तर नकोच. कोमट पाणी मात्र दिवसभर घोट घोट द्यायचे, अंगात पाणी कमी पडलं की कफ घट्ट होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुटला एकदाचा, हिरवट घट्ट गोळा. तोपर्यंत कळलं की आई तोंडात आलेला कफ लाजेने गिळत होती, चारचौघांत थुंकायचं कसं म्हणून! पोटात जाऊन काही बिघडत नाही, पण रंग बदलला, रक्त दिसलं तर कळणार कसं? झाकणाचा डबा ठेवला तिच्या उशाशी. (आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर थुंकीची टीबीची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते.)

आता बरी आहे, पण सकाळचा कार्यक्रम सोडलेला नाही. परवा चहा घेऊन गेले तर हाताने थांब म्हणाली, अजून दोन "हा" राहिलेत माझे.