अमेरिकेतली अकरावी: आरामाचं वर्ष नव्हे

दहावी संपली, बारावी पुढे आहे, मधली अकरावी म्हणजे जरा दम खायचं वर्ष, हे आपल्याकडचं गणित. अमेरिकेत आल्यावरही आई-बाबांच्या डोक्यातून ते जात नाही. इथे मात्र कॉलेजचे अर्ज बारावी अर्धी व्हायच्या आतच जातात, त्यामुळे कॉलेजला दिसणारे पूर्ण वर्षाचे शेवटचे मार्क अकरावीचे असतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचाच जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, काढते.

म्हणून एपीचे, म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे, विषय झेपतील तेवढेच घ्यावेत. सहा एपी घेऊन दोनांत सी येण्यापेक्षा चार नीट झालेले बरे.

ऑक्टोबरातली पीएसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेची रंगीत तालीम, नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठी अकरावीतच धरली जाते. तिथला निर्देशांक काढताना वाचन-लेखनाचे गुण दुप्पट करून त्यात गणिताचे मिळवतात आणि १० ने भागतात. गणितात ७६० आणि इंग्रजीत ६५० असतील तर निर्देशांक २०६. हेच आकडे उलटे असते तर २१७. बेरीज दोन्हीकडे १४१०च! आपल्या घरांत गणिताचे क्लास आधी लागतात, तेव्हा हे लक्षात असू द्या.

एसएटी पहिल्यांदा मार्चमध्ये द्यावी, म्हणजे जून किंवा ऑगस्टमध्ये पुन्हा देता येते. मेमध्ये एपीच्या परीक्षा डोक्यावर असतात, तो महिना टाळलेला बरा. परीक्षा आता लॅपटॉपवर, २ तास १४ मिनिटांची. प्रत्येक विषयाचे दोन भाग असतात आणि दुसरा भाग किती अवघड येणार हे पहिल्यावर ठरतं. पहिल्या भागात घाईने चुका केल्या तर सोपा दुसरा भाग मिळतो, आणि मग तो पूर्ण बरोबर सोडवूनही वरचे गुण हाती लागत नाहीत. सराव ब्लूबुकवरच करावा, परीक्षा त्याच अ‍ॅपवर असते. एमआयटीला हे गुण लागतातच, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया ते बघतसुद्धा नाही. त्यामुळे कॉलेजांची कच्ची यादी आधी करा.

पैशांचा विषय बहुतेक घरांत उशिरा निघतो. २०२७ च्या शरद सत्रात प्रवेश घेणाऱ्याच्या फाफ्सा अर्जात, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जात, २०२५ चं उत्पन्न लागतं, म्हणजे दहावीच्या जानेवारीपासून अकरावीच्या डिसेंबरपर्यंतचं. त्याच वर्षी पुण्यातला फ्लॅट विकलात तर तो नफा इथल्या टॅक्स रिटर्नमध्ये येतो, उत्पन्न फुगतं आणि मदत कमी होते.

एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे आई-बाबांच्या वर्क व्हिसावर इथे आलेल्या, मुलांना तर फेडरल मदत मिळतच नाही. शाळा पहिलीपासून इथे झाली असली तरी बरीच कॉलेजं त्यांना परदेशी विद्यार्थ्यांत धरतात, आणि अशा अर्जदाराने मदत मागितली की प्रवेशावर त्याचा परिणाम होऊ शकतो. एमआयटी, हार्वर्ड, प्रिन्स्टन यांसारखी मोजकी कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीतही ऐपत न बघता प्रवेश ठरवतात. राज्यातल्या रहिवाशांची कमी फी लागू होते का, याचे नियम राज्यागणिक वेगळे. हे अकरावीतच कॉलेजला ईमेल करून लेखी विचारून घ्या.

शिफारसपत्रासाठी दोन शिक्षकांना मेमध्येच, प्रत्यक्ष भेटून विचारावं. काही शिक्षक ठरावीकच पत्रं लिहितात. एक गणित-विज्ञानाचे आणि एक इंग्रजी-इतिहासाचे, अशी जोडी बहुतेक ठिकाणी चालते.

उपक्रमांसाठी, अनेक कॉलेजांना एकच अर्ज चालणाऱ्या कॉमन अ‍ॅपमध्ये १० जागा असतात आणि वर्णनाला प्रत्येकी १५० अक्षरं. आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे हेही भरावं लागतं. 'महाराष्ट्र मंडळात मदत केली' यातून काहीच कळत नाही. रविवारच्या मराठी शाळेत किती मुलांना शिकवलं, ढोल-ताशा पथकाच्या सरावाचं वेळापत्रक कोण आखत होतं, असं लिहायचं. तासांची वही आत्तापासून ठेवा. ऑगस्टमध्ये अर्जात आठवून भरलेले आकडे बेरजेला आठवड्याच्या तासांपेक्षा जास्त भरतात.