तुम्ही विचारलंत म्हणून: एम.ए.च्या वर्गात कॉमिक

‘एम.ए.च्या मुलांना कॉमिक शिकवता, म्हणजे तासाला नेमकं करता काय?’ हा प्रश्न बहुधा हसत हसतच येतो. उत्तर मात्र तपशिलात द्यावं लागतं.

‘भीमायन’ घ्या. ‘नवयान’ प्रकाशनाने 2011 साली काढलेलं हे डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरचं कॉमिक, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. पन्नास मिनिटांच्या तासाला चार पानं पुष्कळ झाली. त्यातला सातारा जिल्ह्यातल्या मसूरचा प्रवास निवडावा. 1901 साली लहानगा भीम भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांकडे गोरेगावला निघतो. मसूर स्टेशनवर जात कळताच स्टेशनमास्तरचा नूर पालटतो. शेवटी एक गाडीवान दुप्पट भाड्यावर तयार होतो, पण गाडी मुलांनी हाकायची, तो बाजूने पायी चालणार. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय, त्यामुळे तुलनेला गद्य आयतंच मिळतं.

तासाआधी झेरॉक्सवर पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यांतला मजकूर व्हाइटनरने पुसा. फुग्याची कड मात्र शाबूत ठेवा. पहिली सात मिनिटं वर्ग गप्प. दिसतं तेवढंच वहीत लिहायचं, अर्थ लावायचा नाही. असं केलं नाही तर मुलं सवयीने फुगे वाचत सुटतात, दोन मिनिटांत चारही पानं संपतात आणि ‘समजलं सर’ ऐकू येतं.

शाबूत ठेवलेली कड आता कामाला येते. सोसणाऱ्यांचं, मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात असतं. डंख मारणाऱ्या बोलण्याला विंचवाची नांगी असते, मनातल्या विचाराला डोळा. शब्द नसतानाही कोण टोचून बोलतंय ते कळतं, आणि हे कोडं बहुतेकदा मागच्या बाकावर आधी सुटतं. मग फुग्यांतला मूळ मजकूर वाटा.

प्रोजेक्टर असेल तर पान अख्खं दाखवा. एकेक तुकडा मोठा करून दाखवणं ही सर्रास होणारी चूक. या पुस्तकात नेहमीच्या चौकटीच नाहीत. पात्रं खोक्यात कोंबली तर गुदमरतात, असं चित्रकारांचंच म्हणणं. आपण कापून दाखवलं की आपणच त्यांना खोक्यात घातलं! झेरॉक्सही मूळ आकारात, जरा फिकट काढायला सांगा; दोन पानं एका ए-फोरवर बसवली की बारीक रेघा मिसळून नुसता काळा डाग उरतो. (कायद्याची धास्ती असेल तर: शिकवण्यासाठीच्या प्रतींना कॉपीराइट कायद्याच्या 52व्या कलमात सूट आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या खटल्यात ती उचलून धरली.) वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर पानांचं वर्णन आदल्या दिवशी रेकॉर्ड करून द्या.

इंटर्नलला वीस गुण: गद्यातला एक परिच्छेद एका पानावर चित्रांत मांडायचा. आठ गुण कुठला क्षण निवडला याला, सहा क्रमाला, सहा शब्द आणि चित्र एकमेकांना काय देतात याला. हात किती चांगला, याला शून्य. काडीची माणसं चालतील, हे आधीच सांगा, नाहीतर अर्धा वर्ग ‘मला चित्र येत नाही’ म्हणून बसून राहतो. एका फुग्यात पंधराच्या वर शब्द नकोत, अन्यथा अख्खा परिच्छेद फुग्यात ओततात. या मर्यादेमुळे गाडीवानाशी गाठ पडते: तो चालतोय हे काढता येतं, पण भाडं दुप्पट घेतलंय हे काढायचं कसं?