कुणाचा रे तू?

आमच्या लहानपणी गुहागरच्या बाजारात सायकल तासावर मिळायची. अनामत नाही, कागद नाही. दुकानदार चष्म्यावरून बघायचा आणि विचारायचा, "कुणाचा रे तू?" वडिलांचं नाव सांगितलं की वहीत वेळ टिपली जायची. सायकल पाडली, तर ती बातमी आमच्या आधी घरी पोचलेली असायची.

हे सगळं आठवलं थायलंडमध्ये, चियांग माईच्या एका गल्लीत. मे हाँग सॉन या डोंगराळ प्रांताचा फेरा दुचाकीवरून करायचा होता. साधारण 600 किलोमीटर आणि वळणं म्हणे 1,864. कुणी मोजत बसलं कोण जाणे! कुंभार्ली घाट ओकत-ओकत पार केलेल्याला आकड्यांची भीती घालू नये. शिवाय तिथेही गाड्या डावीकडूनच चालतात. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला, तेव्हा दुचाकीचा शिक्का तीनदा तपासला होता. नुसत्या मोटारीच्या शिक्क्यावर दुचाकी चालवून पडलात, तर प्रवासविमा हात वर करतो.

दुचाकी भाड्याने देणाऱ्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, पासपोर्ट ठेवा. तो कसा सोडणार? परमुलखात मी कुणाचा, हे सांगणारा तेवढाच एक कागद. शेवटी रोख अनामतीवर भागलं. मग आम्ही दोघं मोबाइल घेऊन त्या होंडा वेव्ह दुचाकीभोवती प्रदक्षिणा घालू लागलो. आरसा, मडगार्ड, सायलेन्सर. एकेका ओरखड्याचा फोटो. माझ्या लग्नात माझे इतके निघाले नव्हते.

वेव्हला गिअर चार, पण क्लच नाही. पहिले दोन दिवस गिअर टाकताना माझ्या डाव्या हाताची बोटं आपसूक पुढे जायची आणि हवा पकडून परत यायची. दात पडल्यावर जीभ जाते तशी. पाय नावाच्या गावापर्यंतच्या 762 वळणांत ती खोड बरीचशी जिरली. उतारावर मात्र गिअर असल्याचा फायदा कळला. बिनगिअरची स्कूटर घेतलेली मंडळी ब्रेक दाबून-दाबून थकलेली दिसत, मी दुसऱ्या गिअरवर निवांत. खेड्यांत पेट्रोल पिंपावरच्या हातपंपातून काचेच्या नळीत चढायचं आणि तिथून टाकीत. आपल्याकडे वाडीतल्या दुकानात पाण्याच्या बाटलीतून मिळतं, त्याचाच हा थोरला भाऊ.

गाडी परत दिली तेव्हा बाईंना मागच्या मडगार्डवर एक काळी रेघ दिसली. फोटोत ती नव्हती. माझ्या पोटात गोळा. त्यांनी अंगठ्याला थुंकी लावली, रेघ घासली. चिखल होता. आमचा सायकलवालाही पेडल उलटं फिरवून बघायचा, अगदी त्याच चेहऱ्याने.

परवा भाच्याकडे गेलो. त्याने समुद्राकडच्या वाटेवर दोन स्कूटर भाड्याला लावल्यात. पुण्याचा एक तरुण मोबाइल घेऊन स्कूटरभोवती फिरत होता. भाच्याचं तोंड उतरलेलं.

"मामा, बघा ना, विश्वासच नाही याचा."

"तूही काढ फोटो," मी म्हटलं.

त्याने मोबाइल काढला, घुटमळला आणि त्या तरुणाला विचारलं, "पुण्यात कुठले? आमची आत्या असते कोथरूडला."