दोन मिस्ड कॉल
इथे अमेरिकेत आमच्या शेजारी एक ब्लॅक काकू आहेत, मुलगा व्हीलचेअरवर, त्याने सरकारी व्होकेशनल रिहॅबला (अपंगांना नोकरी मिळवायला मदत करणारी योजना) अर्ज केला तर दोन कॉल मिस झाले म्हणून फाईलच बंद केली! नियम म्हणतो ६० दिवसांत पात्रता ठरवा, पण हे लोकांना सांगतंय कोण. मला वाटलं असेल एखादा आळशी माणूस, पण नाही हो, ही योजना ज्या कायद्याखाली चालते, त्या १९७३च्या रिहॅबिलिटेशन अ‍ॅक्टमध्ये १९९२ला दुरुस्ती झाली तेव्हा काँग्रेसनेच (पार्टी नव्हे, इथली संसद) लिहून ठेवलंय की आफ्रिकन-अमेरिकन अर्जदार जास्त प्रमाणात नाकारले जातात. म्हणजे तेव्हापासून माहितीये सगळ्यांना. काकूंनी परत अर्ज भरलाय, यावेळी माझाही नंबर दिलाय.