चौघं, एक सेसना आणि आईचं खरं वजन

आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात लिव्हरमोरला आले, तेव्हा मला खासगी पायलटचा परवाना मिळून सात महिने झाले होते. तोवर मी एकटा किंवा फार तर बायकोला शेजारी बसवून उडायचो. आता चौघांनी जायचं ठरलं. लिव्हरमोरहून हाफ मून बे, तिथे समुद्र बघत डबा खायचा आणि परत. ऑक्टोबर होता, त्या दिवसांत किनाऱ्यावर धुकं कमी असतं. विमान क्लबचं, सेसना १७२एस. खुर्च्या चार, म्हणून चौघं आरामात जातील असं कुणालाही वाटेल. पण चार मोठी माणसं आणि काठोकाठ भरलेल्या टाक्या या विमानाला एकदम झेपत नाहीत.

उड्डाणाच्या वेळी या विमानाचं वजन २५५० पाउंडांच्या वर जाता कामा नये. मी आदल्या रविवारी कागद घेऊन बसलो आणि पहिलीच ओळ चुकलो. रिकाम्या विमानाचं वजन मी विमानाच्या पुस्तिकेतल्या नमुना-उदाहरणातून उचललं होतं. माझ्या प्रशिक्षकांनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "हा आकडा याच विमानाचा आहे का?" नव्हता. प्रत्येक विमानाचा स्वतःचा वजनाचा कागद विमानातच ठेवलेला असतो. रेडिओ बदलला, आसनं बदलली, की तो नव्याने लिहिला जातो. आमच्या विमानाच्या कागदावर १६९० पाउंड होते, माझ्या आकड्यापेक्षा तब्बल ४८ जास्त. एक गॅलन इंधन ६ पाउंडांचं धरतात, म्हणजे मी कागदावर आठ गॅलन इंधनाएवढी चूक करून बसलो होतो.

मग माणसांची वजनं. आईने फोनवर "साठ असेल" असं सांगितलं होतं, बाबांनी सत्तर. मी बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये आणून ठेवला. आई म्हणाली, "अरे, मुंबईच्या विमानतळावर बॅगा मोजल्या, माणसांना कुणी काट्यावर चढवलं नाही." मी तिला २००३ सालची, अमेरिकेतल्याच शार्लट शहरातली गोष्ट सांगितली. आठ जानेवारीला तिथे एक छोटं प्रवासी विमान उडताक्षणी पडलं आणि त्यातली २१ माणसं गेली. शेपटीकडच्या नियंत्रणाच्या दुरुस्तीत चूक राहिली होती. शिवाय प्रवाशांची वजनं ठरावीक सरासरीने धरलेली, आणि प्रत्यक्षात विमान जड आणि मागे झुकलेलं होतं. त्यानंतर अमेरिकेत सरासरीचे आकडे वाढवावे लागले. मोठ्या विमानात शेकडो माणसांमध्ये दोन-चार किलोंचा फरक विरून जातो. चार जणांत तो विरत नाही.

आई काही न बोलता पर्स खांद्याला लावून, बूट घालून काट्यावर उभी राहिली. १४८ पाउंड, म्हणजे ६७ किलो. बाबा जाकिटासकट १५८. बायको १३५, मी १७२. डब्याची पिशवी हातात घेऊन मी पुन्हा काट्यावर उभा राहिलो आणि माझं वजन वजा केलं. पिशवी ३४ पाउंडांची निघाली. थालीपिठं, दही, फळं, आणि पाण्याच्या इतक्या बाटल्या! त्यातल्या चार बाहेर काढल्या तेव्हा २५ झाली.

एकूण वजनाएवढंच ते कुठे ठेवलंय यालाही महत्त्व असतं. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीपासून प्रत्येक गोष्टीचं अंतर इंचांत मोजतात. पुढच्या खुर्च्या ३७ इंचांवर, मागचं आसन ७३, इंधन ४८, सामानाची पहिली जागा ९५. वजन गुणिले अंतर म्हणजे मोमेंट. सगळ्या मोमेंटची बेरीज करून तिला एकूण वजनाने भागायचं, की विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे तोललं जातं ती जागा मिळते. मी हे बाबांना समजावत होतो. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "गाडी उलाळ होते, तेच की हे!" बैलगाडीत ऊस मागे जास्त भरला की जू वर उचललं जातं आणि पुढे जास्त भरला की सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं. माझ्या आजोबांच्या गाडीत ऊस रचायचं काम बाबांनी शाळकरी वयात केलंय. मला जे शिकायला दोन वर्ग लागले, ते त्यांना आधीपासून हातांनी माहीत होतं.

विमान उलाळ, म्हणजे मागे जड झालं तर नाक वर जायला बघतं. अशात वेग कमी पडून पंखांची उचल गेली, म्हणजे विमान स्टॉल झालं, तर ते सावरण्यासाठी नाक खाली आणणं अवघड होतं. फार पुढे जड असेल, तर उतरताना नाक पुरेसं उचलत नाही. दोन्हींपैकी मागे जड असण्याचा धोका मला जास्त भिववतो.

माझा हिशोब असा झाला. विमान, माणसं आणि पिशवी मिळून २३२८ पाउंड. इंधनासाठी उरले २२२, म्हणजे ३७ गॅलन. टाकीच्या तोंडाशी आत एक पट्टी असते. तिच्या खालच्या कडेपर्यंत भरलं की दोन्ही टाक्यांत मिळून वापरता येण्याजोगं ३५ गॅलन इंधन होतं. म्हणजे २५३८ पाउंड. मोमेंटची बेरीज १,१२,०७९ आणि गुरुत्वमध्य ४४.१६ इंच. त्या वजनाला पुढची मर्यादा ४१ च्या किंचित आत आणि मागची ४७.३, त्यामुळे आम्ही मध्यावर होतो. विमान तासाला साधारण नऊ गॅलन पितं, म्हणजे राखीव धरूनही ३५ भरपूर होतं. टाक्या रिकाम्या धरून पुन्हा गणित केलं, तर ४३.८१. तेही मर्यादेत.

शनिवारी सकाळी शिडीवर चढून पंखावरचं टाकीचं झाकण उघडलं, तर इंधन काठापर्यंत. पट्टी पूर्ण बुडालेली. पट्टीपर्यंतच भरा असा निरोप मी आदल्या संध्याकाळी ठेवला होता, तो कुठेतरी राहून गेला. काडी बुडवून मोजलं, पूर्ण ५३ गॅलन. चौघांसकट वजन २६४६, म्हणजे ९६ पाउंड जास्त. उपसून काढायची तिथे सोय नव्हती. समोर धावपट्टी पाच हजार फुटांहून लांब, हवा थंड, आणि विमान त्या वजनालाही कदाचित उचललं असतं. तो "कदाचित" मला आई-बाबांना घेऊन तपासायचा नव्हता.

बायकोनेच तोडगा काढला. "तुम्ही तिघं जाऊन या, मी इथे बसते." तिचे १३५ वजा केले, २५११. पंखावरच वही ठेवून पुन्हा गुरुत्वमध्य काढला, ४२.८. मग निघालो. बाबा माझ्या शेजारी, आई मागे पर्स मांडीवर घेऊन. हाफ मून बेला उतरून थालीपिठं खाल्ली आणि दुपारच्या आत परतलो.

उतरल्यावर मी पुन्हा काडी घातली. ३९ गॅलन. चौघं बसले तर? पिशवीसकट २५६२, बारा पाउंड जास्त. पिशवी गाडीत ठेवली, की २५३७. गुरुत्वमध्य ४३.७. ऊन चढलं होतं, म्हणून धावपट्टी किती लागेल तेही तापमान धरून पुन्हा पाहिलं. भरपूर उरत होती.

पिशवी बायकोने स्वतः गाडीच्या डिकीत ठेवली आणि आईशेजारी येऊन बसली. आम्ही पूर्वेला ऑल्टमाँटच्या डोंगरांकडे गेलो. खाली रांगेने पवनचक्क्या फिरत होत्या, साताऱ्याजवळच्या पठारावर फिरतात तशा. बाबांनी काचेला कपाळ टेकवलं आणि हेडसेटमधून त्यांचा आवाज आला, "अगं बघ, चाळकेवाडी."