निम्मा गॅस बाहेरून येतो, तरीही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. देशाला लागणारा जवळजवळ निम्मा गॅस बाहेरून येतो, मग इथे गॅस काढणाऱ्या कंपनीचे शेअर घ्यायला मी ‘नको’ का म्हणतो? दर लग्नकार्यात हे कुणीतरी विचारतंच. ‘नको’ मी म्हणत नाही. विक्रीचा दर कोण ठरवतं ते आधी बघा, म्हणतो.

2019 मध्ये मीच ‘हे शेअर घ्या’ म्हणून लोकांच्या मागे लागलो होतो. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली आणि ग्रॅच्युइटीतले सहा लाख तिने माझ्या भरवशावर अशा एका कंपनीत घातले. मागणी वाढतेय, लाभांश चांगला, मग भ्यायचं कशाला? जुन्या क्षेत्रांतल्या गॅसचा दर सरकार दर सहा महिन्यांनी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, रशियातल्या दरांवरून ठरवायचं. ऑक्टोबर 2016 मध्ये तो दहा लाख बीटीयूला (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप, गॅसचा दर त्यावर लावतात) अडीच डॉलरवर आला होता, हे मी वाचलं होतं. वाचलं आणि सोडून दिलं.

ऑक्टोबर 2020 मध्ये दर 1.79 डॉलर झाला. काढण्याचा खर्चही त्यातून निघेना. नोव्हेंबरात भाऊजींची बायपास ठरली. ताईचा फोन आला, “विकून टाक. किती येतील?” मी आकडा सांगितला. निम्म्याहून कमी. क्षणभर थांबून ती म्हणाली, “बरं. उद्या मिळतील ना?” पैसे खात्यात यायला तेव्हा दोन दिवस कसे लागायचे, ते मी तिला सविस्तर समजावत बसलो. दुसरं काही सुचत नव्हतं. तिने त्यावर आजवर एक शब्द काढलेला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

करोना कुणाला माहीत होता, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. खरंच आहे ते. पण अडीअडचणीला लागणारे पैसे तिथे घालू नयेत, हे कळायला करोना कशाला हवा होता?

आणि ऑक्टोबर 2022 मध्ये तोच दर 8.57 झाला! म्हणजे 2019 चा मी अगदीच चुकलो नव्हतो? एप्रिल 2023 मध्ये खाली 4 आणि वर साडेसहा डॉलरची मर्यादा आली. तळ मिळाला, पण तेजीतली कमाईही गेली. जमिनीखालचा गॅसच आटण्याचा धोका वेगळाच. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-6 या समुद्रातल्या गॅसपट्ट्यातून 2010 मध्ये रोज जवळपास सहा कोटी घनमीटर गॅस निघत होता. तिथली डी-1 आणि डी-3 ही मुख्य क्षेत्रं फेब्रुवारी 2020 मध्ये बंद झाली.

माझे स्वतःचे शेअर मी तेव्हा विकले नाहीत. अजून आहेत. ताईला हे सांगितलेलं नाही.